आधी कोणती भाषा? लक्झेंबर्गमधल्या एका मराठी घराचे प्रकरण

परिस्थिती

पुण्याहून लक्झेंबर्गला आलेले चौघांचे कुटुंब. आई किर्शबर्गच्या पठारावरच्या एका फंड-हिशेबाच्या कंपनीत नोकरीला. तिथला सगळा कारभार इंग्रजीत. बाबा मेकॅनिकल इंजिनिअर, कुटुंबीय म्हणून आलेले आणि नोकरीच्या शोधात. मुलगा नऊ वर्षांचा, पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेला. मुलगी नुकतीच चारची झालेली. राजधानीतले भाडे झेपत नाही म्हणून घर दक्षिणेला, एश-सुर-अल्झेटमध्ये, बेलवालच्या बंद पडलेल्या पोलाद-भट्ट्यांजवळ. पाच वर्षे तरी राहायचे, जमले तर कायमचे, असा बेत. हे कुटुंब नमुन्याचे आहे, कोणा एकाचे नाही. पण नोकरीनिमित्त इथे उतरणाऱ्या मराठी घरांचा साचा साधारण असाच असतो.

पहिल्या महिन्यातच त्यांना चार सल्ले मिळतात. सहकारी सांगतात, फ्रेंच शिका. मुलाच्या शाळेचे पुस्तक जर्मन निघते. नागरिकत्वाची माहितीपत्रके लक्झेंबर्गिश मागतात. आणि आधी येऊन स्थिरावलेले ओळखीचे कोणी तरी म्हणते, "कशाला त्रास घेता, इंग्रजीवर भागतं." चारही सल्ले खरे आहेत, आणि म्हणूनच घोटाळा होतो. माणसे एक तर तिन्ही भाषांच्या वर्गांत एकदम नावे घालतात आणि दिवाळीपर्यंत तिन्ही सोडतात, नाही तर तीन वर्षे काहीच शिकत नाहीत.

कागदावरचा देश आणि रस्त्यावरचा देश

२४ फेब्रुवारी १९८४ च्या भाषा कायद्याने लक्झेंबर्गिश ही राष्ट्रभाषा ठरली. कायदे फ्रेंचमध्ये लिहिले जातात. सरकारी कचेऱ्या आणि न्यायालये फ्रेंच, जर्मन व लक्झेंबर्गिश या तिन्हींत चालतात, आणि तिन्हींपैकी ज्या भाषेत अर्ज आला त्याच भाषेत शक्यतो उत्तर द्यावे, असेही हा कायदा सांगतो. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित राज्यघटनेत लक्झेंबर्गिशला देशाची भाषा म्हणून स्थान मिळाले. २०२१ च्या जनगणनेत ४८.९ टक्के लोकांनी आपली मुख्य भाषा लक्झेंबर्गिश सांगितली, १५.४ टक्क्यांनी पोर्तुगीज, १४.९ टक्क्यांनी फ्रेंच. दहा वर्षांपूर्वी लक्झेंबर्गिशचा आकडा ५५.८ होता. लोकसंख्या साडेसहा लाखांच्या थोडी पुढे, त्यातले जवळपास निम्मे परदेशी नागरिक, आणि रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून दोन लाखांहून जास्त नोकरदार सीमा ओलांडून कामाला येतात.

नवख्याचे चुकते ते या शेवटच्या आकड्याकडे दुर्लक्ष केल्याने. सुपरमार्केटची गल्लेवाली फ्रान्समधल्या थिऑनविलची, हॉटेलातला वाढपी तिथल्याच लाँगवीचा, दवाखान्यातली नर्स बेल्जियममधल्या आर्लाँची असू शकते. त्यांना लक्झेंबर्गिश येत नाही, किंवा "मोयेन" (नमस्कार) आणि "मेर्सी" (धन्यवाद) एवढेच येते. तेव्हा गल्ल्यावर लक्झेंबर्गिशचा सराव करणे म्हणजे दोघांचाही वेळ दवडणे. उलट नगरपालिकेच्या खिडकीवर, सरकारी शाळेच्या शिक्षकखोलीत, गावच्या बँडपथकात, स्वयंसेवी अग्निशमन दलात, फुटबॉल क्लबच्या कडेला उभ्या पालकांत लक्झेंबर्गिशच चालते. मोझेलकाठच्या रेमिश, ग्रेवेनमाखरकडे किंवा एख्टरनाखला गेलात तर जर्मन उपयोगी पडते. एशमध्ये बांधकामावर, साफसफाईत, कोपऱ्यावरच्या कॅफेत पोर्तुगीज ऐकू येते. एकाच देशात गावागणिक, खिडकीगणिक भाषा बदलते.

आठवड्याची नोंदवही

वर्गात नाव घालण्याआधी या घराने एक आठवडा साधी नोंद ठेवायची. घरातल्या मोठ्या दोघांनी वेगवेगळ्या वह्या करायच्या. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: कुठे बोलणे झाले, समोरच्याने कोणती भाषा वापरली, इंग्रजीवर सरकता आले का, आणि न समजल्याने काय नुकसान झाले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बेकरीत पाव चुकीचा मिळाला तर काही बिघडत नाही. घराच्या पाहणीच्या अहवालावर न वाचता सही केली, तर घर सोडताना अनामत रकमेतून कापणी होते.

नमुन्याच्या घराची वही भरली तर चित्र असे दिसते. आईच्या दिवसातले बहुतेक तास इंग्रजीत जातात. अडते ते घरमालक, दवाखाना, विमा आणि नळवाल्याशी, आणि तिथे भाषा फ्रेंच. बाबांच्या नोंदी त्याहून जास्त आणि जवळजवळ सगळ्या फ्रेंच, कारण दिवसा घराबाहेर तेच असतात. मुलाच्या शाळेचा कागद जर्मन, शिक्षकांचे बोलणे लक्झेंबर्गिश. मुलीचे सगळे लक्झेंबर्गिश. चौघांची गरज चार प्रकारची असताना सगळ्यांनी एकच भाषा शिकायची, हा आग्रह इथेच सोडून द्यावा. या प्रकरणातला निर्णय असा: दोघा मोठ्यांनी आधी फ्रेंच, मुलाच्या अभ्यासापुरते वाचायचे जर्मन एकाने, आणि लक्झेंबर्गिश दुसऱ्या वर्षी, पण मग ते नेटाने.

लक्झेंबर्गिश आधी का नाही? भावनेने पाहिले तर ते आधी यावे. २०१६ मध्ये लक्झेंबर्गिशला प्रशासनाची पहिली भाषा करा, या मागणीच्या याचिकेला चौदा हजारांवर सह्या मिळाल्या. एवढ्याशा देशात हा आकडा मोठा आहे. स्वतःच्या गावात स्वतःची भाषा मागे पडण्याचे दुःख मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पण पहिल्या वर्षी भाडेकरार, डॉक्टर आणि नोकरी हे तीन प्रश्न फ्रेंचवर अडलेले असतात, आणि नागरिकत्वासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट असल्याने लक्झेंबर्गिशला घाई नसते. एखादे घर उत्तरेकडे क्लेर्वोच्या बाजूला असेल, किंवा नोकरी पाळणाघरातली असेल, तर क्रम उलटा लावावा.

पहिले तीन महिने: कामापुरते फ्रेंच

वर्ग बहुधा सप्टेंबरला किंवा वर्षाच्या सुरुवातीनंतर सुरू होतात आणि जागा भराभर भरतात. राष्ट्रीय भाषा संस्था, नगरपालिकांचे वर्ग आणि सामाजिक संस्थांचे वर्ग, असे तीन रस्ते आहेत. पहिल्या ठिकाणी जागा नाही म्हणून थांबून राहू नये. नगरपालिकेच्या वर्गाची फी सहसा कमी असते आणि शेजारी-पाजारी तिथेच भेटतात. रोजगार कार्यालयात नोंदणी झालेल्या बेरोजगाराला फीमध्ये मोठी सवलत मिळते, म्हणून बाबांनी ती नोंदणी वर्गाआधी करावी.

वर्ग सुरू होईपर्यंतच्या काळात पाठ करायचे ते अगदी मोजके. घराचे शब्द: "बाय" म्हणजे भाडेकरार, "शार्ज" म्हणजे भाड्यावरचे देखभाल-पाणी-तापवणीचे पैसे, "गारांती" म्हणजे अनामत, "एता दे लिय" म्हणजे राहायला येताना व सोडताना होणारी खोलीवार पाहणी, "प्रेआवी" म्हणजे घर सोडण्याची पूर्वसूचना. हे पाच शब्द ज्या कागदावर दिसतील तो कागद कोणाकडून तरी समजून घेतल्याशिवाय सही करायची नाही.

दुसरी गोष्ट आकडे, आणि इथे जरा थांबायला हवे. या देशात प्रत्येकाला तेरा आकडी ओळख क्रमांक मिळतो, त्याला सगळे "मात्रिक्यूल" म्हणतात. पहिले आठ आकडे जन्मतारखेचे: वर्ष, महिना, दिवस. दवाखान्यात फोन केला की पहिल्या मिनिटात तो विचारतात, आणि आकडे जोडीजोडीने सांगायची पद्धत आहे. १९८८ चा जन्म असेल तर "दिझ-नफ", मग "कात्र-वँ-विट". म्हणजे चार वेळा वीस आणि वर आठ. ७० पासून ९९ पर्यंत फ्रेंच आकड्यांची ही अडचण आहे. त्यात समोरचा बेल्जियमचा असेल तर तो ९० ला "नोनांत" म्हणेल आणि फ्रान्सचा असेल तर "कात्र-वँ-दिस". दोन्ही ऐकून ओळखता आले पाहिजेत, बोलताना एकच धरावे. जर्मन आणि लक्झेंबर्गिशमध्ये मात्र एकक आधी येतो, २५ म्हणजे पाच-आणि-वीस. आपल्या पंचवीसमध्येही पाच आधीच आहे, त्यामुळे इंग्रजीतून विचार न करता थेट मराठीतून ऐकले तर हे आकडे लवकर बसतात. चौघांचेही मात्रिक्यूल फ्रेंचमध्ये न अडखळता सांगता येणे ही पहिल्या महिन्याची परीक्षा समजावी.

फोन हा सर्वांत कठीण प्रकार. हातवारे नाहीत, ओठ दिसत नाहीत, आणि समोरची व्यक्ती घाईत. त्यासाठी पाच वाक्ये कागदावर लिहून फोनशेजारी ठेवायची: वेळ हवी आहे, कोणासाठी, काय होते आहे, मात्रिक्यूल, आणि "हळू बोला, मी फ्रेंच शिकते आहे". शेवटचे वाक्य सगळ्यात आधी म्हणायचे. डॉक्टरांची वेळ ठरवायच्या "डॉक्टेना" या संकेतस्थळावरून फोनशिवायही वेळ घेता येते. तापलेल्या मुलाला घेऊन बसलेले असताना तोच मार्ग घ्यावा. सराव निवांत दिवशी, दात तपासून घेण्याच्या निमित्ताने करावा.

देवनागरी वहीचा फायदा आणि दगा

मराठी माणूस नवी भाषा शिकताना उच्चार देवनागरीत लिहून घेतो. सवय चांगली आहे, काही ठिकाणी तर इंग्रजीपेक्षा फारच चांगली. जर्मनमधला "त्स" हा आवाज इंग्रजी बोलणाऱ्याला जड जातो. आपल्याकडे चमच्यातला च हाच तो आवाज, तयार. नामांची तीन लिंगे शिकताना "वस्तूला कसले लिंग?" असा प्रश्न आपल्याला पडत नाही. चटई ती आणि टेबल ते, हे आपण लहानपणीच मान्य केलेले असते. कुठली वस्तू कोणत्या लिंगाची हे पाठच करावे लागते, पण कल्पना परकी नसते.

पण फ्रेंचमध्ये देवनागरी फसवते. द्राक्षांची दारू, वारा आणि "ते जातात" हे तीन शब्द घाईत तिन्ही वेळा "वाँ" असे लिहिले जातात. प्रत्यक्षात पहिला "वँ", दुसरा "वाँ", तिसरा "वों". कोकणीची सवय असलेल्यांना नाकातले स्वर पटकन वेगळे ऐकू येतात. पुण्या-नागपूरकडच्यांना मुद्दाम कान तयार करावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे "ऊ". ओठांचा चंबू करून आतून "ई" म्हणायचा एक स्वर फ्रेंचमध्ये आहे, त्याला देवनागरीत अक्षर नाही. "वर" आणि "खाली" या अर्थाचे दोन शब्द केवळ याच स्वराने वेगळे होतात. दोन्ही "दसू" असे लिहिले गेले की छताला गळती लागल्यावर नळवाला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची घंटी वाजवतो. उपाय सोपा: त्या स्वरासाठी ऊकारावर दोन टिंबे द्यायची, आणि नाकातल्या तीन स्वरांना वहीत तीन रंग. वहीतला प्रत्येक शब्द आधी ऐकायचा, मग लिहायचा, मग फ्रेंच लिपीतले रूप शेजारी. आधी फ्रेंच लिपी वाचून उच्चार ठरवला तर शेवटची मुकी अक्षरे वर्षभर तोंडातून निघत राहतात.

तासांचा हिशेब

शून्यापासून ए-टू पातळीपर्यंत, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरते बोलता येण्यापर्यंत, शिक्षकासोबतचे साधारण १८० ते २०० तास धरतात. आठवड्याला ४ तासांचा वर्ग ३० आठवडे चालला तर १२० तास होतात. घरी रोज २० मिनिटे, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे वर्षाला आणखी शंभरेक तास. एवढे पाळले तर वर्षाअखेर ए-टू येते. वर्ग केला आणि घरी वही उघडली नाही, तर त्याच पातळीला दोन वर्षे जातात आणि मधल्या सुटीत निम्मे विसरते. मोबाइलवरच्या भाषाखेळांनी शब्दसंग्रह वाढतो, पण घरमालकाच्या फोनला ते पुरे पडत नाहीत. आईने आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग, बाबांनी सकाळचा रोजचा दाट वर्ग, अशी वाटणी या घराला योग्य. बाबांना नोकरीसाठी बी-वन, म्हणजे ए-टूच्या वरची पातळी, लागणार आहे. दक्षिणेतल्या कारखान्यांच्या आणि बांधकाम कंपन्यांच्या जाहिराती वाचल्या की फ्रेंचशिवाय मुलाखतीलाही बोलावत नाहीत हे दिसते.

मुलाची शाळा: खरा पेच इथे आहे

चार वर्षांच्या मुलीची काळजी कमी आहे. सक्तीचे शिक्षण चौथ्या वर्षापासून, पहिल्या टप्प्यात बोलणे लक्झेंबर्गिशमध्ये, सोबत फ्रेंचची तोंडओळख. मुलगी पहिले काही महिने शाळेत गप्प बसेल. हा गप्प काळ नेहमीचा आहे. त्या काळात मूल ऐकत असते. पालक घाबरतात आणि घरातली मराठी बंद करून मोडके फ्रेंच किंवा इंग्रजी सुरू करतात. ते करू नये. घरची भाषा भक्कम असलेले मूल दुसरी भाषा तिच्याच आधाराने उचलते, आणि आईबाबांच्या चुकीच्या फ्रेंचमधून त्याला काहीच मिळत नाही.

मुलगी सहा वर्षांची होईल तेव्हा अक्षरओळखीच्या भाषेचा प्रश्न येईल. आजवर सरकारी शाळेत वाचन-लेखन जर्मनमधून सुरू होई. लक्झेंबर्गिश बोलणाऱ्या मुलाला ते जवळचे, पोर्तुगीज किंवा मराठी घरातल्या मुलाला लांबचे. २०२२ पासून चार शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळख करून देण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२६-२७ पासून ही निवड देशभर देण्याचे सरकारने ठरवले आहे. या घरात मोठे दोघे फ्रेंच शिकत असल्याने मुलीसाठी फ्रेंचचा पर्याय सोयीचा ठरेल, कारण अभ्यास घेता येईल.

नऊ वर्षांच्या मुलाचे तसे नाही. त्याच्या वर्गातली मुले तीन वर्षे जर्मन वाचत-लिहीत आली आहेत, फ्रेंच लिहायला लागली आहेत, आणि गणितही जर्मनमध्ये. नव्याने आलेल्या मुलांसाठी स्वतंत्र भाषावर्ग असतो, तरी गणितात हुशार मुलगा शाब्दिक उदाहरणांत गळपटतो आणि शिक्षकांना तो कच्चा वाटतो. पुढे माध्यमिकच्या अभिजात शाखेत गणित फ्रेंचमध्ये जाते, म्हणजे दुसरा धक्का. दुसरा रस्ता सरकारी युरोपीय शाळेचा. डिफेरडांज आणि एश इथे अशी एक शाळा २०१६ पासून आहे, तिथे इंग्रजी विभाग आहे, फी नाही, आणि दुसरी भाषा म्हणून फ्रेंच किंवा जर्मन शिकवतात.

आमचे मत स्पष्ट आहे: सहा-सातच्या आत आलेले मूल गावच्या शाळेत घालावे, कारण भाषा आणि मित्र दोन्ही तिथे मिळतात. नऊ-दहाच्या पुढचे मूल असेल आणि इंग्रजीत पक्के असेल, तर युरोपीय शाळेत जागा मिळते का ते आधी पाहावे. जागा मर्यादित असतात. अर्ज कराराच्या सहीबरोबरच, भारतातून निघण्याआधी करावा. त्या शाळेतले तोटेही आहेत: गल्लीतली मुले वेगळ्या शाळेत जातात आणि मुलाची लक्झेंबर्गिश मागे राहते. म्हणून त्याला गावच्या फुटबॉल किंवा बॅडमिंटन क्लबात घालणे हा खेळाचा नव्हे, भाषेचा खर्च समजावा.

जागा मिळाली नाही आणि गावच्याच शाळेत जावे लागले, तर बाबांनी जर्मन भाषा पूर्ण शिकण्याच्या फंदात पडू नये. गृहपाठातली आज्ञार्थी क्रियापदे वीस-पंचवीस असतात आणि तीच वर्षभर फिरतात: "बेरेश्ने" म्हणजे गणित कर, "एर्गेन्त्से" म्हणजे गाळलेली जागा भर, "उन्टरश्ट्राइशे" म्हणजे अधोरेखित कर, "फेरबिंडे" म्हणजे जोड्या लाव, "क्रॉयत्से आन" म्हणजे योग्य पर्यायावर फुली मार. मुलगा इथे हमखास चुकतो: आपल्याकडे फुली म्हणजे चूक, इथे फुली म्हणजे निवड. ही यादी फ्रिजवर लावली की निम्मा गृहपाठ सुटतो. उरलेल्यासाठी शाळेनंतरचे संगोपन केंद्र आहे. शाळेच्या आठवड्यांत ते सप्टेंबर २०२२ पासून मोफत आहे आणि तिथे गृहपाठाकडे लक्षही देतात. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी शाळा नसते, त्या वेळेची सोय तिथेच लावावी. शिक्षकांच्या भेटीला भाषेचा अडसर असेल तर शाळेमार्फत दुभाषी मध्यस्थ मागता येतो. मराठीचा मिळेल असे मात्र धरून चालू नये.

दुसरे वर्ष: लक्झेंबर्गिश

फ्रेंच ए-टूला टेकले की आईने लक्झेंबर्गिश सुरू करायची. तिच्यासाठी एक सवलत आहे जिचा वापर फार थोडे नवागत करतात. १७ फेब्रुवारी २००९ च्या कायद्याने नोकरदाराला लक्झेंबर्गिश शिकण्यासाठी कामाच्या वेळेत एकूण २०० तासांपर्यंत भरपगारी भाषा-रजा मिळते. ती दोन हप्त्यांत, प्रत्येकी ८० ते १२० तास. दुसरा हप्ता पहिला अभ्यासक्रम पार पडल्यावरच. त्या मालकाकडे किमान सहा महिने नोकरी झालेली हवी. पगाराची अर्धी रक्कम सरकार मालकाला परत करते, आणि वरिष्ठांशी बोलताना ही गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी. ही रजा फक्त लक्झेंबर्गिशसाठी आहे, फ्रेंच-जर्मनसाठी नाही. अर्ज करताना वर्गाचे नोंदणीपत्र जोडावे लागते. वर्षाअखेरच्या हिशेबाच्या गर्दीत अर्ज टाकला तर रजा पुढे ढकलली जाते, तेव्हा फंडाच्या कंपनीत वसंत ऋतू गाठावा.

या भाषेची दोन वैशिष्ट्ये सुरुवातीलाच समजली तर पुढचे सोपे. एक, शेवटचा न. पुढचा शब्द स्वराने किंवा न, द, त, त्स, ह यांनी सुरू होत असेल तर न राहतो, एरवी गळतो. रेल्वेगाडी "देन त्सुख", बस "दे बुस". कुत्रा "देन होन्ट", कॉफी "दे काफी". संधी शिकलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार नवा वाटू नये. ऐकताना मात्र लक्षात ठेवावे की "दे" आणि "देन" हा एकच शब्द आहे. दुसरे, ओळखीच्या बाईचा उल्लेख तिच्या नावाने झाला की सर्वनाम नपुंसकलिंगी येते: "हाट". जर्मन शिकलेला माणूस तिथे अडतो. गोव्या-सिंधुदुर्गातल्या घरांत मुलीला "तें" म्हणताना ज्याने ऐकले आहे त्याला यात नवल नाही. आडनावाने, आदराने उल्लेख असेल तर मात्र "सी".

जर्मन आणि लक्झेंबर्गिश एकाच वर्षी बोलायला शिकू नयेत. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत की कच्च्या अवस्थेत त्यांची खिचडी होते आणि कोणती कोणाची हे नंतर वेगळे करता येत नाही. बाबांचे जर्मन वाचण्यापुरते आहे, तोवर धोका नाही.

सरावाची अडचण वेगळीच. तोडक्या लक्झेंबर्गिशमध्ये बोलायला सुरुवात केली की समोरचा लगेच फ्रेंचवर जातो. त्यात हेटाळणी नसते. परदेशी चेहरा म्हणजे फ्रेंच, ही त्याची पन्नास वर्षांची सवय आणि सौजन्यही. उपाय म्हणजे पहिल्याच वाक्यात जाहीर करणे: "एश लेइरे लेत्सेबुएर्येश", मी लक्झेंबर्गिश शिकते आहे. एवढे ऐकल्यावर बहुतेक लोक खुशीने थांबतात आणि सावकाश बोलतात. जागा निवडताना रांग नसलेली खिडकी, मुलीच्या शाळेचे फाटक, गावच्या वाचनालयातला गप्पांचा गट हे बरे. देशात १ मार्च २०२० पासून सार्वजनिक वाहतूक मोफत झाल्यामुळे तिकीट मागण्याचे सोपे संभाषणही गेले, हा नवशिक्याचा छोटासा तोटाच. कानासाठी आरटीएल या वाहिनीची संध्याकाळी साडेसातची बातमीपत्रे, शब्दासाठी सरकारी ऑनलाइन शब्दकोश: त्यात प्रत्येक शब्दाचा ध्वनी आहे आणि इंग्रजी अर्थही.

पाचव्या वर्षीची परीक्षा

नागरिकत्वाचा सध्याचा कायदा ८ मार्च २०१७ चा. पाच वर्षांचे वैध वास्तव्य, त्यातले शेवटचे वर्ष अखंड, लक्झेंबर्गिशची परीक्षा, आणि देशाच्या संस्था, इतिहास व मूलभूत हक्कांवरचा २४ तासांचा अभ्यासक्रम किंवा त्याची परीक्षा. भाषेची परीक्षा फक्त तोंडी आणि श्रवणाची. लिहावे लागत नाही. बोलण्याची पातळी ए-टू, ऐकण्याची बी-वन. बोलण्याचा भाग दहाएक मिनिटांचा: दिलेल्या विषयांतला एक निवडून बोलायचे, मग एका चित्राचे वर्णन. श्रवणाचा भाग २५ मिनिटांचा, ध्वनिफिती ऐकून पर्याय निवडायचे. बोलण्यात पास झालेल्याला श्रवणातले थोडे कमी गुण भरून काढता येतात, उलट मात्र चालत नाही. शुल्क ७५ युरो.

तयारी करणारे बहुतेक जण चुकीच्या भागावर वेळ घालवतात. पाठ केलेले निबंध म्हणून दाखवतात आणि परीक्षकाने मध्येच साधा प्रश्न विचारला की गडबडतात. चित्रवर्णनाला पंचवीस-तीस वाक्यरचना पुरतात: डावीकडे काय, मागे काय, कोण काय करतो आहे, ऋतू कोणता, मला काय वाटते. त्या कोणत्याही चित्रावर बसवून रोज एक चित्र मोठ्याने सांगायचे, तीन महिने. श्रवणासाठी मात्र तीन महिने पुरत नाहीत, तो कान दुसऱ्या वर्षापासूनच रेडिओवर तयार व्हावा लागतो. ए-टू बोलणाऱ्याला बी-वनचे ऐकायला लावणारी ही परीक्षा कागदावर सोपी दिसते, आणि वर्गात कमी बोलून भरपूर ऐकलेला माणूसही तिच्यात पडतो, तसाच भरपूर बोलून कमी ऐकलेलाही.

अर्ज भरण्याआधी आई-बाबांनी एक गोष्ट आपसात ठरवावी लागते. लक्झेंबर्ग दुहेरी नागरिकत्व मानते, भारत मानत नाही. नवे नागरिकत्व घेतले की भारतीय पारपत्र परत करायचे आणि परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ओसीआय, कार्ड काढायचे. त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे सातबाऱ्यावर वाटणी व्हायची असेल तर वारसाने मिळणाऱ्या जमिनीबद्दल वकिलाशी आधी बोलून घ्यावे. भाषेची परीक्षा मात्र त्यासाठी अडवून ठेवण्याचे कारण नाही. ती आधी देऊन प्रमाणपत्र जपून ठेवता येते.